पाठमोरा दीड सेकंद

सेकंड अँड सिक्स, म्हणजे दुसरा प्रयत्न आणि सहा यार्ड बाकी. चेंडू आमच्या छत्तीस यार्डांवर. मी कंट्रोलरवरचं एक्स दाबतो, सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, आणि आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, समोरच्या अकरा दांडगटांकडे चक्क पाठ फिरवतो. पाठ त्यांच्याकडे म्हणजे तोंड माझ्याकडे, कारण मॅडन या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधला कॅमेरा त्याच्या मागे, जरा उंचावर असतो. हेल्मेटच्या जाळीतून तो माझ्याकडे बघत येतो. चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंगबॅकच्या पोटाशी चेंडू नेतो, दिल्यासारखं करतो, देत नाही, मांडीआड लपवतो आणि मग गर्रकन वळतो. हे सगळं व्हायला दीडेक सेकंद लागतो. तेवढ्या वेळात उजवीकडून एक डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे त्यांच्या रांगेतला टोकाचा गडी, मोकाट सुटलाय हे मला स्वच्छ दिसतं. ज्याच्याकडे फेकायचं तो कोपऱ्यात मोकळा होतोय हेही दिसतं. पण माझी बटणं मुकी असतात. हूल पूर्ण होईपर्यंत चेंडू सुटत नाही.

नव्या आवृत्त्यांमध्ये हूल मधेच सोडून द्यायची सोय आहे म्हणा. पण ती सोडायची हे माझ्या सत्तेचाळीस वर्षांच्या अंगठ्याला कळेपर्यंत एंड पोचलेला असतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते आधी सांगायला हवं, कारण वाचणाऱ्यांपैकी अर्ध्यांच्या डोळ्यांसमोर ‘फुटबॉल’ म्हटल्यावर मेस्सी उभा राहिला असणार. हा अमेरिकन फुटबॉल. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर पुन्हा चार प्रयत्न. प्रत्येक प्रयत्न हा एक स्वतंत्र डाव, आधी ठरवलेला. डावाची सुरुवात सेंटर करतो, आणि क्वार्टरबॅकनं त्या वेळी कुठे उभं राहायचं याच्या दोन मुख्य तऱ्हा. एक, सेंटरला अगदी खेटून, त्याच्या पायांखाली हात धरून. हे अंडर सेंटर. दुसरी, पाचेक यार्ड मागे. ही शॉटगन. शॉटगनमध्ये चेंडू हवेतून येतो, तो झेलला की समोर अख्खं मैदान उघडं. अंडर सेंटरमध्ये चेंडू लगेच हातात येतो, पण मग आपल्यालाच तीन, पाच किंवा सात पावलं मागे जावं लागतं. आणि प्ले ॲक्शन, म्हणजे धावायची हूल देऊन फेकायचा डाव असेल, तर वर सांगितलेला तो पाठमोरा प्रकार.

आमच्या घरी, म्हणजे डेट्रॉईटजवळच्या नोव्हायमध्ये, मॅडन मुलाचा. मी त्यात हिवाळ्यापायी शिरलो. मिशिगनच्या जानेवारीत माणूस बेसमेंटमध्ये जाऊन काहीही करायला तयार होतो. पहिल्या दिवशी फॉर्मेशनची, म्हणजे खेळाडू कसे उभे करायचे त्या रचनांची, भलीमोठी यादी समोर आली. त्यातली मी ‘आय फॉर्म’ निवडली ती केवळ क्वार्टरबॅक, फुलबॅक, रनिंगबॅक असे तिघं एकामागे एक रेशनच्या रांगेसारखे शिस्तीत उभे दिसले म्हणून. एका तासात पाच इंटरसेप्शन, म्हणजे माझे पाच पास समोरच्यांनी झेलले. सहावा चेंडू मी फेकायच्या आधीच सॅक झालो, म्हणजे चेंडूसकट आडवा.

‘बाबा, गनमधून खेळ ना. अंडर सेंटरमधून कोण पास करतं?’

कोणीच नाही, हे त्याचं बरोबर होतं. ऑनलाइन खेळणारी त्याच्या वयाची पोरं सगळी शॉटगनमध्ये. ट्रिप्स, बंच, एम्प्टी. चार-पाच रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, पसरलेले, क्वार्टरबॅक मागे निवांत, सगळं नजरेत. अंडर सेंटर फक्त गोल लाइनजवळ, नाहीतर एक यार्ड हवा असताना सेंटरच्या मागून मुंडी खुपसायला. मीही मुकाट्यानं गनमध्ये गेलो. आकडे सुधारले. दोन वर्षं तसाच खेळलो, आणि आता आठवायला गेलो तर त्यातला एकही पास आठवत नाही.

अंडर सेंटरकडे परत मला जॅरेड गॉफनं आणलं, डेट्रॉईट लायन्सच्या क्वार्टरबॅकनं. २०२३चा मोसम. लेक त्याच ऑगस्टमध्ये कॉलेजला गेला होता, घरात मी, बायको आणि तो कन्सोल. रविवारी लायन्सचा सामना लावायचो, निदान एक वाजता त्याचा मेसेज येईल म्हणून. गॉफ काही धावणारा क्वार्टरबॅक नाही. हात चांगला, पाय यथातथा. कॅलिफोर्नियाच्या कॉलेजात तो पसरलेल्या, शॉटगनच्या खेळात वाढला. २०१६ला लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघानं त्याला अख्ख्या देशातून पहिला उचलला आणि मग त्याला सेंटरच्या मागे उभं राहून पाठ फिरवायला शिकावं लागलं. रॅम्सनी पुढे त्याला डेट्रॉईटच्या गळ्यात मारला. आणि डेट्रॉईटमध्ये बेन जॉन्सन नावाच्या, डाव आखणाऱ्या कोऑर्डिनेटरनं त्याच्याकडून नेमकं तेच एक काम पुन्हा पुन्हा करून घेतलं. गॉफ सेंटरच्या मागे, डावीकडे धावायची हूल, पाठ, वळण, आणि चेंडू मैदानाच्या मध्यावर, लाइनबॅकरच्या, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतल्या गड्याच्या, डोक्यावरून रिसीव्हर अमोन-रा सेंट ब्राऊनच्या छातीत. १४ जानेवारी २०२४ला याच माणसानं त्याला विकणाऱ्या रॅम्सना २४–२३नं हरवलं. लायन्सचा ३२ वर्षांतला प्लेऑफमधला, म्हणजे बाद फेरीतला, पहिला विजय. लायन्सच्या फोर्ड फील्ड स्टेडियममध्ये लोक त्याच्या नावाचा गजर करत होते आणि मी नोव्हायमध्ये सोफ्यावर, हातातला चहा गार.

त्या रात्री बेसमेंटमध्ये जाऊन मी पुन्हा आय फॉर्म काढली.

आता जरा कामाचं. कोणाला प्रयोग करायचा असेल तर उपयोगी पडेल, नसेल तर हा भाग ओलांडून पुढे गेलात तरी चालेल.

पहिली चूक सगळ्यांची एकच: मागे मागे जाणं. भीती वाटली की अंगठा स्टिक खाली ओढतो आणि क्वार्टरबॅक दहा-बारा यार्ड मागे पोचतो. लाइनमधले पाच जण पाच पावलांच्या हिशोबानं उभे असतात. साधारण सात यार्डांवर ते तुमच्याभोवती भिंत धरतात. तुम्ही त्यामागे गेलात की कडेनं येणाऱ्याला तुमच्यापर्यंतची वाट सरळ होते, त्याला वळावंही लागत नाही. पाच पावलं झाली की थांबायचं, आणि धोका दिसला तर उलट पुढे, आपल्याच माणसांच्या घोळक्यात सरकायचं. हे मनाला पटवायला मला एक महिना लागला.

दुसरी गोष्ट बूटची. बूट म्हणजे एकीकडे हूल द्यायची आणि क्वार्टरबॅकनं एकट्यानं उलट्या बाजूला पळत सुटायचं. टीव्हीवर फार देखणं दिसतं. मॅडनमध्ये त्या बाजूचा एंड मुद्दाम अडवायचा नसतो. तो फसून आत धावेल असं गृहीत असतं. तो फसला नाही तर पाठमोऱ्या क्वार्टरबॅकनं वळून पाहावं तर हा समोर हजर, पाहुण्यासारखा. खेळाडूंना ‘प्ले रेकग्निशन’ नावाचा एक गुण असतो. तो ज्याचा मोठा, त्याच्या बाजूला बूट करू नये, एवढं शहाणपण मी अकरा सॅक खाऊन मिळवलं. क्वार्टरबॅकलाही ‘प्ले ॲक्शन’ नावाचा वेगळा गुण असतो. किती छान फसवता येतं याचे मार्क. मला हे फार आवडलं. आमच्या शाळेत याचे मार्क नव्हते, असते तर माझं प्रगतिपुस्तक वेगळं दिसलं असतं.

तिसरं, आणि खरं महत्त्वाचं: फेकायचं कोणाकडे हे पाठ फिरवण्याआधी ठरलेलं असावं लागतं. शॉटगनमध्ये तुम्ही झेल घेऊन पाहता, हा नाही, तो नाही, तिसरा. आय फॉर्ममध्ये मुळात रिसीव्हर दोनच, एक टाइट एंड (लाइनच्या टोकाचा, अडवणारा आणि झेलणाराही), आणि मागचे दोघं. त्यातही मी बऱ्याचदा टाइट एंडला अडवायला ठेवतो. म्हणजे सात-आठ जण माझ्या रक्षणाला आणि लांब पळणारे दोनच: एक खोल जाऊन मध्याकडे वळणारा, दुसरा त्याच्या खालून मैदान आडवं कापणारा. मागचा सेफ्टी, म्हणजे बचावातला सगळ्यात मागचा गडी, पहिल्याच्या मागे गेला तर दुसरा मोकळा, दुसऱ्यावर आला तर पहिला. निर्णय एकच, पण तो घेण्याआधी सेफ्टी एक आहे की दोन, हे चेंडू हातात यायच्या आधी मोजून ठेवायचं. तुमची पाठ फिरलेली असताना ते जागा बदलतात. तेवढ्यासाठीच बदलतात.

गंमत अशी की मैदानावरच्या गॉफला त्या दीड सेकंदात काही दिसत नसतं, आणि मला सगळं दिसतं. त्याच्या डोळ्यांवर पट्टी, माझ्या हातांना दोरी. वळल्यावर त्याला काय ते एकदम कळणार. मी मात्र सेफ्टी सरकताना पाहतोय, एंड सुटताना पाहतोय, आणि काही करू शकत नाही. यातलं जास्त वाईट कोणतं यावर मी एकदा बायकोशी बोलायला गेलो. ती तेव्हा फोनमध्ये मुलाचा निळा ठिपका बघत होती. रात्री दीड वाजता तो लायब्ररीत नव्हता, हॉस्टेलवरही नव्हता, मधल्या एका रस्त्यावर होता. ठिपका हलत नव्हता. ‘तुझं काय चाललंय?’ ती म्हणाली. मी म्हटलं, काही नाही.

(तो टॅको खात होता. दुसऱ्या दिवशी कळलं.)

पोरांना वाटतं शॉटगन नवी आणि अंडर सेंटर आजोबांच्या काळचं. हे निम्मंच खरं. पुढे चेंडू फेकणं कायदेशीर झालं १९०६मध्ये. त्या सुरुवातीच्या खेळात, सिंगल विंग वगैरे रचनांमध्ये, सेंटर चेंडू काही यार्ड मागे उभ्या असलेल्या माणसाकडे थेट टाकायचा. म्हणजे शॉटगनची पणजीच. एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, १९३३पर्यंत पास द्यायचा तर रेषेच्या निदान पाच यार्ड मागून, असा नियमच होता. तो गेला तेव्हा कुठे सेंटरला चिकटून उभं राहण्यात फेकणाऱ्याच्या दृष्टीनं काही राम आला. मग ८ डिसेंबर १९४०ला अंतिम सामन्यात शिकागो बेअर्सनी वॉशिंग्टनला त्यांच्याच गावात ७३–० असं धुतलं. क्वार्टरबॅक सिड लकमन, सेंटरच्या मागे हात धरून, टी फॉर्मेशन. त्र्याहत्तर–शून्य! त्यानंतर ज्याला त्याला टी हवी झाली. म्हणजे अंडर सेंटर ही त्या काळातली नवलाई होती, आणि मागे उभं राहणं जुनाट. पुढे १९६०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक रेड हिकी यांनी क्वार्टरबॅकला परत मागे नेलं, त्याला शॉटगन म्हटलं. ती बसली. १९७५मध्ये डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी आपल्या क्वार्टरबॅक स्टॉबॅकसाठी पुन्हा उठवली. फॅशनचं बेलबॉटमसारखं आहे, दर काही वर्षांनी कपाटातून निघतं.

आणि जॉन मॅडन. ओकलंड रेडर्सचा हा प्रशिक्षक, मग टीव्हीवरचा समालोचक, ज्याच्या नावानं हा खेळ १९८८पासून विकला जातोय. तेव्हाच्या संगणकांना बावीस माणसं पेलत नव्हती. कंपनी म्हणाली कमी माणसांत भागवू. हा अडून बसला. अकराविरुद्ध अकरा नसेल तर तो फुटबॉलच नाही. मला हा हट्ट आय फॉर्म खेळताना पटतो. सहा माणसांत शॉटगन खेळता आली असती एक वेळ. पण फुलबॅक, दोन गार्ड, अडवायला थांबलेला टाइट एंड, यांच्यातल्या कोणालाच चेंडू मिळणार नसतो. तरी सगळ्यांनी मिळून दीड सेकंद एक थाप मारायची असते, अगदी मनापासून, खांदे पाडून, धावण्याचाच डाव असल्यासारखं. त्यातला एक जरी आळशीपणे उभा राहिला तरी लाइनबॅकर थबकतो.

थापेला आपल्याकडे हूल म्हणतात आणि मला ती मिरजेत, खो-खोच्या मैदानावर शिकवली गेली. आठ जण रांगेत उकिडवे बसलेले, एकाआड एक विरुद्ध तोंडं करून. निम्मा वेळ खेळ तुमच्या पाठीमागे चाललेला असतो. मागे वळून बघायचं नाही. पाठीवर थाप आणि कानात ‘खो’ आला की सुटायचं. एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. आमचे सर म्हणायचे, ‘डोळ्यांनी काय खेळता रे, कानानं खेळा.’ मी कानानं खेळायचो आणि हमखास चुकायचो. पण आमच्यात एक जण होता, नाव नको. तो बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात असा न्यायचा की पळणारा खो गेला म्हणून दुसऱ्या बाजूला वळे. हात पाठीला टेकायचाच नाही. दोन पावलं पुढे जाऊन एक सोडून पुढच्या गड्याला खरा खो. पळणाऱ्याचा तोल गेलेला, बस्स. आम्ही विचारायचो, तुला कसं जमतं? तो म्हणायचा, मला स्वतःलाच वाटतं की मी खो देतोय.

आकडेवारीवाले आता सांगतात की हूल चालण्यासाठी आधी भरपूर आणि चांगलं धावलेलं असायलाच हवं असं नाही. कंटाळवाण्या दोन-दोन यार्डांनंतरही लाइनबॅकर फसतोच, कारण आपली खिंड राखायला पुढे येणं ही त्याची नोकरी आहे. संगणकाविरुद्ध खेळताना मला हे पटतं. माणसाविरुद्ध नाही. विशेषतः तो माणूस मी वाढवलेला असेल तर.

गेल्या थँक्सगिव्हिंगला लेक घरी आला. लायन्सचा सामना संपल्यावर, तो दर थँक्सगिव्हिंगला असतोच, १९३४पासूनची रीत, आम्ही दोघं खाली उतरलो. डिफेन्सला तो कायम मधला लाइनबॅकर स्वतः हाताळतो. बाकी दहा संगणकाचे. मी आय फॉर्म लावली.

‘अजून?’

‘तू खेळ.’

पहिल्या तीन हुलींना तो पुढे आला नाही. नुसता मागे सरकायचा आणि माझी आडवी जाणारी वाट झाकून उभा. त्याला माहीत होतं. बाबाला धावायचा कंटाळा आहे, बाबा सेंटरच्या मागे गेला की फेकणार. एक इंटरसेप्शन. एक सॅक. मग मी खरंच धावायला लागलो. फुलबॅक मधून, दोन यार्ड. रनिंगबॅक उजवीकडे, तीन. पुन्हा तेच, एक. चौथ्या प्रयत्नात कसेबसे दहा पूर्ण, पुन्हा तीच रांग. तो जांभया द्यायला लागला. बायको वरून आरामात पुरणपोळी खाली घेऊन आली (टर्की आमच्याकडे कोणाला आवडत नाही, दरवर्षी पोळ्याच होतात), आमचा स्कोअर बघून परत गेली. तो चौदा, मी सात. ‘बाबा, असं कसं जिंकणार तू?’ मी काही बोललो नाही. फुलबॅक, दोन यार्ड.

चौथ्या क्वार्टरमध्ये सात मिनिटं उरली असताना थर्ड अँड टू. दोन यार्डांसाठी कोणीही धावलं असतं. तीच आय फॉर्म, तोच टाइट एंड उजवीकडे, तीच संथ मोजणी. सेफ्टी एक. एक्स. क्वार्टरबॅक वळला, माझ्याकडे तोंड करून आला, फुलबॅक खांदा पाडून खिंडीत घुसला, चेंडू रनिंगबॅकच्या पोटापाशी गेला. मी त्या वेळी रिसीव्हरकडे बघत नव्हतो. एंडकडेही नाही. मी फक्त मधल्या लाइनबॅकरकडे बघत होतो.

एक पाऊल पुढे. दुसरं पाऊल पुढे.

‘ओह नो,’ शेजारून हळूच आवाज आला.

टाइट एंड त्याच्या पाठीमागून मध्यात निघाला होता, आसपास बारा यार्ड कोणी नाही. हूल संपली, अंगठा मोकळा झाला, चेंडू गेला. सरळ, छातीच्या उंचीवर, गॉफनंही मान डोलावली असती असा. आणि टाइट एंडनं तो दोन्ही हातांतून खाली सोडला.

लेक सोफ्यावरून खाली लोळून हसत होता. मी पॉज दाबलं, रीप्ले काढला, एकेक फ्रेम मागे घेत गेलो. लाइनबॅकरचं दुसरं पाऊल जमिनीवर टेकलंय, त्याचं सगळं वजन पुढे, आणि माझ्या क्वार्टरबॅकची पाठ अजून त्याच्याकडेच आहे, तिथे थांबलो. फोन काढून स्क्रीनचा फोटो घेतला.

‘बाबा, इनकम्प्लीट आहे तो.’

‘माहितीय.’

‘फोर्थ डाऊन आहे. पंट कर आता, मार लाथ.’

‘थांब जरा,’ मी म्हटलं. फोटो हललेला आला होता. दुसरा घ्यायला हवा होता.